अखेरच्या वाटेवरची सोबत : डॉ. सिसिली साँडर्स

प्रस्तावना

घरात कुणी आजारी पडले, की आपण डॉक्टरांकडे धाव घेतो. औषध मिळते, पथ्य सांगितले जाते आणि बहुतेक वेळा माणूस बरा होतो. परंतु काही आजार असे असतात, की त्यांच्यावरील उपचारांची सीमा एके दिवशी येऊन ठेपते. कर्करोग शरीरभर पसरलेला असतो किंवा हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत असतात. आता अधिक काही करण्यासारखे नाही, रुग्णाला घरी न्यावे, असे सांगितले जाते. घरी आल्यावर कुटुंबाची खरी परीक्षा सुरू होते. मध्यरात्री वेदना असह्य झाल्या तर काय करायचे? जखमेची दुर्गंधी कशी थांबवायची? आपल्याला काय झाले आहे, असे रुग्णाने विचारले तर त्याला काय सांगायचे?

कर्नाटकाची राजधानी बंगळुरू येथे ‘करुणाश्रय’ नावाची संस्था आहे. तिच्या परिचारिका आणि समुपदेशक १९९५ पासून शहरातील कर्करोग्यांच्या घरी जातात आणि या प्रश्नांची उत्तरे कुटुंबाच्या बरोबरीने शोधतात. या कामाला उपशामक शुश्रूषा म्हणतात. रुग्णालयांतून त्यासाठी ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे शब्द अधिक ऐकू येतात. रोग बरा होणार नसला तरी रोग्याचा त्रास कमी करता येतो, ही या शुश्रूषेमागची भूमिका आहे. आज ती आपल्याला सहज पटते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मात्र जगातील बहुतेक रुग्णालयांत तिला स्थान नव्हते. ते स्थान मिळवून देण्यासाठी इंग्लंडमधील एका स्त्रीने आपले सारे आयुष्य वेचले. त्या स्त्रीच्या जीवनकार्याचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –

• डॉ. सिसिली साँडर्स यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना क्रमाने सांगू शकाल;
• वेदनेच्या निरनिराळ्या अंगांचे वर्णन करू शकाल;
• घरी राहून केल्या जाणाऱ्या उपशामक शुश्रूषेचे स्वरूप स्पष्ट करू शकाल;
• आपल्या परिसरातील दीर्घकाळ आजारी असलेल्या व्यक्तीच्या गरजांविषयी विचार मांडू शकाल.

मूळ पाठ

१. परिचारिका होण्याची ओढ

सिसिली साँडर्स यांचा जन्म २२ जून १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेस असलेल्या बार्नेट या गावी झाला. त्यांचे वडील गॉर्डन साँडर्स हे जमीनजुमल्याच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात होते. घरात पैशाची वानवा नव्हती, परंतु आईवडिलांचे एकमेकांशी पटत नसे आणि पुढे ती दोघे विभक्त झाली. सिसिलीला रोडीन येथील निवासी शाळेत घालण्यात आले. ती इतर मुलींच्या मानाने खूपच उंच होती आणि स्वभावाने लाजाळू होती. त्यामुळे मैत्रिणींच्या घोळक्यात ती रमू शकली नाही. आपण इतरांना नको आहोत, ही भावना काय असते, हे तिला त्या वयातच कळले. पुढे ज्यांच्यापासून सगळे जग दूर सरले होते अशा रुग्णांजवळ त्या शांतपणे बसून राहू शकल्या. त्या सामर्थ्याचे बीज कदाचित या एकाकी दिवसांत रुजले असावे.

सिसिलीला परिचारिका व्हायचे होते. घरच्यांना हे पसंत नव्हते. त्यांच्या इच्छेला मान देऊन तिने १९३८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र या विषयांच्या अभ्यासाला प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. जखमींची संख्या वाढत असताना ग्रंथालयात बसून राहणे तिला अवघड वाटू लागले. १९४० मध्ये शिक्षण अर्धवट सोडून तिने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील परिचर्या विद्यालयात प्रवेश घेतला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये स्थापन केलेले हेच ते विद्यालय होय.

युद्धकाळात औषधे अपुरी होती. रुग्णाचे अंग पुसणे, त्याची कूस बदलणे, त्याला धीर देणे, एवढेच कित्येकदा परिचारिकेच्या हाती असे. सिसिलींना या कामात आपल्या जीवनाचा सूर सापडला. मात्र त्यांच्या पाठीच्या कण्यात जुना दोष होता. रुग्णांना उचलण्याच्या श्रमांनी तो बळावला. १९४४ मध्ये परिचारिकेची पात्रता मिळते न मिळते, तोच हे काम थांबवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला.

रुग्णांपासून दूर जाण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी ऑक्सफर्डला परतून पदवी पूर्ण केली आणि रुग्णालयातील समाजसेविकेचे प्रशिक्षण घेतले. १९४७ मध्ये त्या या नव्या भूमिकेतून पुन्हा सेंट थॉमस रुग्णालयात दाखल झाल्या. रुग्णाच्या घरची परिस्थिती जाणून घेणे आणि त्याच्या अडचणींतून मार्ग काढणे हे त्यांचे काम होते.

२. पाचशे पौंड आणि एक खिडकी

याच सुमारास त्यांची डेव्हिड टास्मा या रुग्णाशी भेट झाली. टास्मा हे पोलंडमधील वॉर्सा शहरातून आलेले ज्यू निर्वासित होते. लंडनमध्ये ते वाढप्याचे काम करीत. वय अवघे चाळीस वर्षांचे. कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. परक्या देशात त्यांना ना घर होते, ना जवळचे कुणी माणूस.

सिसिली त्यांना वरचेवर भेटू लागल्या. त्या गजबजलेल्या कक्षात दोघे तासन्‌तास बोलत असत. आपण जगलो काय आणि मेलो काय, आपली कुठे खूणही राहणार नाही, हे शल्य टास्मा यांना शरीराच्या दुखण्याइतकेच सलत होते. बोलता बोलता एक कल्पना आकाराला येऊ लागली. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाला वेदनेपासून आराम मिळेल, त्याचे म्हणणे ऐकायला कुणाला तरी सवड असेल आणि त्याला घरच्यासारखे वाटेल, अशी एखादी जागा असायला हवी, असे दोघांनाही वाटू लागले. टास्मा यांना नुसते सांत्वन नको होते. सिसिलींकडे असलेले ज्ञान आणि त्यांच्या अंतःकरणातील माया, दोन्ही त्यांना हवे होते. ही अपेक्षा सिसिली कधी विसरल्या नाहीत. पुढे त्यांच्या कार्यात शास्त्र आणि करुणा यांची जी जोड दिसते, तिची सुरुवात या संवादात आहे.

२५ फेब्रुवारी १९४८ रोजी टास्मा यांचे निधन झाले. आपल्याजवळचे पाचशे पौंड त्यांनी सिसिलींच्या नावे ठेवले होते. त्या जे घर उभारतील त्यातील एक खिडकी आपली असावी, अशी त्यांची इच्छा होती. तेव्हा ते घर कुठेच नव्हते. पैसे होते ते जेमतेम खिडकीपुरते. त्या खिडकीभोवती घर उभे राहण्यास एकोणीस वर्षे लागली.

३. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी

टास्मा गेल्यानंतर सिसिलींनी लंडनमधील सेंट ल्यूक्स रुग्णालयात स्वयंसेविका म्हणून जाण्यास सुरुवात केली. तेथे मरणासन्न रुग्णांना ठेवले जाई. त्या रुग्णालयातील एका पद्धतीने त्यांचे लक्ष वेधून घेतले. इतर ठिकाणी रुग्ण वेदनेने तळमळू लागला की मग त्याला मॉर्फिनचे इंजेक्शन दिले जाई. येथे मात्र ठरावीक वेळी, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच, पोटात घ्यायचे औषध दिले जात होते. येथील रुग्ण शांत होते, सावध होते आणि आल्यागेल्याशी बोलू शकत होते.

हे सर्वत्र का होऊ नये, असा प्रश्न सिसिलींना पडला. शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बॅरेट यांच्याबरोबर त्या त्या वेळी काम करीत होत्या. परिचारिका किंवा समाजसेविका म्हणून सांगितलेले डॉक्टरमंडळी ऐकणार नाहीत. मरणासन्न रुग्णाकडे पाठ फिरवतात ते मुख्यतः डॉक्टरच, तेव्हा या क्षेत्रात काही बदलायचे असेल तर आधी डॉक्टर व्हावे, असा सल्ला त्यांनी दिला.

सिसिली तेव्हा तेहतीस वर्षांच्या होत्या. त्यांचा पूर्वीचा अभ्यास विज्ञानाचा नव्हता. वर्गातील बहुतेक विद्यार्थी त्यांच्याहून कितीतरी लहान होते. तरीही १९५१ मध्ये त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. शिक्षणाची वेळ निघून गेली, असे ज्यांना वाटते त्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात ठेवावा. पदवीसाठी पदवी त्यांना नको होती. एक निश्चित काम हाती होते आणि त्यासाठी लागणारे ज्ञान मिळवल्यावाचून ते पुढे सरकणार नव्हते.

पाठगत प्रश्न

१. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(अ) सिसिली यांनी १९४० मध्ये ........ होण्याचे प्रशिक्षण सुरू केले. (डॉक्टर / परिचारिका / शिक्षिका)
(आ) डेव्हिड टास्मा हे मूळचे ........ शहरातील होते. (वॉर्सा / लंडन / ऑक्सफर्ड)
२. सेंट ल्यूक्स रुग्णालयातील औषध देण्याची पद्धत इतर रुग्णालयांपेक्षा कोणत्या बाबतीत वेगळी होती?

४. वेदनेचा अभ्यास

१९५८ मध्ये डॉ. साँडर्स लंडनच्या पूर्व भागातील सेंट जोसेफ्स या शुश्रूषागृहात संशोधनासाठी गेल्या. ते ख्रिस्ती धर्मभगिनी चालवीत. तेथे माया होती, स्वच्छता होती, परंतु वेदनेवर नेमका उपाय नव्हता. डॉ. साँडर्स यांनी दर चार तासांनी तोंडावाटे मॉर्फिन देण्याची पद्धत तेथे सुरू केली आणि प्रत्येक रुग्णाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. सात वर्षांत अशा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी जमल्या.

या नोंदींचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील समजूत ध्यानात घ्यायला हवी. मॉर्फिन हे अफूपासून मिळते. ते सुरू केले की रुग्णाला त्याचे व्यसन लागेल, मात्रा सतत वाढवावी लागेल आणि शेवटी औषध निरुपयोगी ठरेल, अशी भीती डॉक्टरांच्या मनात होती. म्हणून ते हात राखून देत. रुग्णाला आधी वेदना सोसावी लागे, मग औषध मागावे लागे आणि त्यानंतर वाट पाहावी लागे. औषधाचा परिणाम ओसरू लागला की पुढच्या वेदनेची धास्ती सुरू होई आणि त्या धास्तीने वेदना आणखी वाढे. डॉ. साँडर्स यांच्या नोंदींतून वेगळेच चित्र समोर आले. योग्य मात्रेत आणि ठरावीक वेळी औषध दिले, तर रुग्ण घड्याळाकडे डोळे लावून बसत नाही. व्यसनाची भीती अशा रुग्णांच्या बाबतीत खरी ठरत नाही. मात्रा अनेकदा दीर्घकाळ तेवढीच पुरते. मुख्य म्हणजे रुग्ण गुंगीत न राहता जागेपणी आपले उरलेले दिवस जगू शकतो.

रुग्णांचे ऐकता ऐकता त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. कुठे दुखते, असे विचारले असता रुग्ण आधी शरीराविषयी सांगत आणि मग हळूहळू इतर गोष्टी बाहेर येत. मनात भीती असे. नोकरी गेल्यामुळे घर कसे चालेल, याची विवंचना असे. मुलांचे पुढे काय होणार, ही काळजी असे. आपल्याच वाट्याला हे का आले, देवाने असे का केले, हा प्रश्नही असे. शरीर, मन, कुटुंब-समाज आणि श्रद्धा अशा चारही अंगांनी माणसाला दुखत असते, हा विचार त्यांनी मांडला. या विचाराला समग्र वेदना असे म्हणता येईल. ही संकल्पना वैद्यकशास्त्राला त्यांनी दिलेली मोठी देणगी होय. गोळीने यातील एकच भाग कमी होतो. उरलेल्यासाठी डॉक्टरबरोबर परिचारिका, समाजसेवक, समुपदेशक, धर्मोपदेशक आणि नातेवाईक या सर्वांची गरज लागते.

५. प्रवाशांसाठी विसावा

आता स्वतःची संस्था उभारण्याची वेळ आली होती. १९६१ मध्ये तिची विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी झाली. देणग्या मिळवण्यासाठी डॉ. साँडर्स यांनी असंख्य पत्रे लिहिली, व्याख्याने दिली, धनिकांचे आणि अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवले. १९६३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथील वैद्यकीय विद्यालयांतून आपले संशोधन मांडले. अखेर लंडनच्या दक्षिण भागातील सिडनहॅम येथे इमारत पूर्ण झाली आणि जुलै १९६७ मध्ये ‘सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस’ सुरू झाले.

मध्ययुगात युरोपमध्ये यात्रेकरूंच्या विसाव्यासाठी ज्या जागा असत, त्यांना हॉस्पिस म्हणत. आपल्याकडील धर्मशाळेसारखीच ही कल्पना होती. संत ख्रिस्तोफर हा प्रवाशांचा पाठीराखा मानला जातो. संस्थेच्या नावात असा दुहेरी अर्थ होता. धर्माचे अधिष्ठान असले तरी दार सर्वांना खुले होते. कोणत्याही धर्माचा किंवा कोणताही धर्म न मानणारा रुग्ण तेथे येऊ शकत असे.

या वास्तूचे वातावरण रुग्णालयापेक्षा वेगळे होते. भिंतींवर चित्रे होती, बाहेर बाग होती आणि खाटेसकट रुग्णाला बागेत नेता येत असे. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर होते. त्यामुळे मुलांचे आवाज वास्तूत घुमत. प्रवेशद्वाराजवळ एक साधी काचेची खिडकी होती. ती डेव्हिड टास्मा यांची खिडकी.

सेंट ख्रिस्तोफर्समध्ये शुश्रूषा, शिक्षण आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालत. हाच तिचा विशेष होता. नुसत्या दयाबुद्धीवर उभे राहिलेले काम एका व्यक्तीबरोबर संपते. शिकवता येईल असे शास्त्र झाले तर ते जगभर जाते, हे डॉ. साँडर्स यांनी ओळखले होते.

मरण लवकर यावे म्हणून औषध देण्यास त्यांचा ठाम विरोध होता. मरण अटळ असताना ते यंत्रांच्या साहाय्याने लांबवत राहणेही त्यांना मान्य नव्हते. मरणाची घाई करू नये आणि त्याला ताटकळतही ठेवू नये. जितके आयुष्य उरले आहे तितके माणसाला माणसासारखे जगता यावे, अशी त्यांची धारणा होती.

६. रुग्णालयाकडून घराकडे

संस्था सुरू झाल्यावर एक गोष्ट लवकरच लक्षात आली. वेदना आटोक्यात आली की अनेक रुग्णांना घरी जावेसे वाटे. आपले अंथरूण, आपली खिडकी, स्वयंपाकघरातून येणारा ओळखीचा वास, दारातून डोकावणारे शेजारी, हे सारे कितीही उत्तम संस्थेत मिळत नाही. १९६९ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्सने घरी जाऊन शुश्रूषा करणारे पथक सुरू केले. डॉ. मेरी बेन्स आणि परिचारिका बार्बरा मॅकनल्टी यांनी या कामात पुढाकार घेतला.

हे शक्य झाले त्याचे एक कारण डॉ. साँडर्स यांच्या संशोधनात होते. इंजेक्शन देण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. तोंडावाटे घ्यायचे औषध मात्र पत्नी, मुलगा किंवा सून घड्याळ पाहून देऊ शकते. औषध कुटुंबाच्या हाती देता आले, म्हणूनच घर हे शुश्रूषेचे स्थान होऊ शकले.

त्यानंतर हा विचार झपाट्याने पसरला. कॅनडातील डॉ. बॅल्फर माउंट सेंट ख्रिस्तोफर्समध्ये शिकून गेले आणि त्यांनी या कार्याला ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव दिले. त्यातील मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर घ्यायचे वस्त्र असा आहे. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसावर मायेने पांघरूण घालावे, तशी ही शुश्रूषा. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवरील उपचारांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. औषध शक्यतो तोंडावाटे द्यावे, ठरलेल्या वेळी द्यावे आणि वेदनेच्या तीव्रतेनुसार पायरी पायरीने वाढवावे, ही त्यातील सूत्रे सेंट जोसेफ्समधील नोंदवह्यांशी नाते सांगणारी होती. १९८७ मध्ये ब्रिटनने उपशामक वैद्यकास स्वतंत्र विशेष शाखेची मान्यता दिली.

७. भारतातील वाटचाल आणि बंगळुरूचे ‘करुणाश्रय’

रुग्णसेवेचा वारसा आपल्याला नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या परिसरात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी प्राण वेचले, हे आपण जाणतो. आपल्याकडे आजारी माणसाची देखभाल प्रायः घरीच होते आणि तिचा भार मुख्यतः घरातील स्त्रियांवर पडतो. माया असते, कष्टांची तयारीही असते. उणीव असते ती वेदना कमी करण्याच्या ज्ञानाची आणि औषधाची.

औषधाची अडचण तर विलक्षण होती. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते. ज्या देशात मॉर्फिनचा कच्चा माल पिकतो, त्याच देशातील रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवान्यांची संख्या वाढली आणि बहुतेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची पद्धत सोपी करण्यात आली.

अशा परिस्थितीतही कामाला प्रारंभ झाला होता. १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसूझा यांच्या पुढाकाराने मुंबईत वांद्रे येथे ‘शांती आवेदना’ हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. १९९३ मध्ये केरळातील कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक शुश्रूषेची संस्था स्थापन केली. तिच्यातून पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच रुग्णांची जबाबदारी घेण्याची चळवळ उभी राहिली.

बंगळुरूमध्ये भारतीय कर्करोग संस्थेची कर्नाटक शाखा आणि इंदिरानगर येथील रोटरी क्लब यांनी मिळून १९९४ मध्ये एक विश्वस्त संस्था स्थापन केली. किदवाई संस्थेसारख्या मोठ्या कर्करोग रुग्णालयामुळे या शहरात दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येत असतात. या संस्थेने इमारतीची वाट न पाहता १९९५ मध्ये आधी घरी जाऊन सेवा देण्यास सुरुवात केली. १९९९ मध्ये मारतहळ्ळी भागात ‘करुणाश्रय’ची वास्तू उभी राहिली. दगडी बांधकाम, मधोमध पाणी आणि खाटेवरून दिसणारी हिरवाई असे तिचे रूप आहे. तेथील सेवेसाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

अशी पथके घरी जाऊन नेमके काय करतात, ते पाहू. प्रथम वेदनेची चौकशी होते. मुळीच दुखत नसेल तर शून्य आणि कल्पनेपलीकडे दुखत असेल तर दहा, असे धरून आपले दुखणे कितीवर आहे, ते रुग्णालाच सांगण्यास लावतात. त्यानुसार डॉक्टर औषध ठरवतात. मॉर्फिनमुळे बद्धकोष्ठ होते, म्हणून बरोबर सारकही दिले जाते. परिचारिका जखम धुऊन मलमपट्टी करते आणि दुर्गंधी कमी करण्याचा उपाय सांगते. त्यानंतर घरच्यांना शिकवणे सुरू होते. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलावी, अंथरुणावरील चादर रुग्णाला न उठवता कशी बदलावी, कोरडे पडलेले तोंड कसे पुसावे, घास देताना रुग्णाला उठवून कसे बसवावे, हे सारे हाताला धरून दाखवले जाते.

सर्वांत अवघड काम बोलण्याचे असते. आपल्या घरांतून कर्करोगाचे नाव बहुधा रुग्णापासून लपवले जाते. रुग्णाला पुष्कळदा ते केव्हाच कळलेले असते, परंतु घरच्यांना दुःख नको म्हणून तोही गप्प राहतो. दोन्ही बाजू प्रेमापोटी मुक्या होतात आणि सांगायचे ते सांगायचे राहूनच जाते. जमिनीचे कागद कुठे आहेत, मुलीच्या लग्नाचे काय, कुणाची क्षमा मागायची आहे, हे सारे मनातच उरते. समुपदेशक येथे उतावीळ होत नाहीत. रुग्णाला काय ठाऊक आहे, हे ते आधी जाणून घेतात. त्याला जेवढे जाणून घ्यायचे असेल तेवढेच, खोटे न बोलता, हळुवारपणे सांगतात. डॉ. साँडर्स यांची रीतही अशीच होती. रुग्णाला सत्य कसे सांगावे, यापेक्षा त्याचे आधी कसे ऐकावे, याला त्या अधिक महत्त्व देत.

रुग्ण गेल्यानंतरही हे नाते संपत नाही. अनेक महिने रात्रंदिवस जागलेल्या पत्नीला किंवा आईला एकाएकी काही कामच उरत नाही. आपण आणखी काही करायला हवे होते का, हा प्रश्न तिला छळतो. अशा वेळी तिची विचारपूस करणे हाही शुश्रूषेचाच भाग मानला जातो.

८. अखेरची वर्षे

डॉ. साँडर्स यांच्या कार्याचा अनेक प्रकारे गौरव झाला. १९७९ मध्ये ब्रिटनच्या राणीकडून त्यांना ‘डेम’ ही पदवी मिळाली, १९८१ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला आणि १९८९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा अत्युच्च सन्मान प्राप्त झाला. १९८० मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी पोलिश चित्रकार मारियान बोहुश-शिश्को यांच्याशी विवाह केला. बोहुश वयाने त्यांच्याहून बरेच मोठे होते. त्यांच्या आजारपणात डॉ. साँडर्स यांनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. १९९५ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्समध्येच बोहुश यांचे निधन झाले.

पुढे डॉ. साँडर्स यांनाही कर्करोगाने गाठले. आयुष्यभर ज्या रोगाच्या रुग्णांजवळ त्या बसल्या, तोच रोग आता त्यांच्या शरीरात होता. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, स्वतः उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफर्समध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला. इतरांसाठी जी शुश्रूषा त्यांनी घडवली, तीच शेवटी त्यांच्या वाट्याला आली.

डेव्हिड टास्मा यांना आपल्यामागे काहीच उरणार नाही, असे वाटत होते. त्यांच्या पाचशे पौंडांची ती खिडकी सेंट ख्रिस्तोफर्समध्ये राहिली आणि तिच्यामागचा विचार बंगळुरूच्या गल्लीबोळांतील घरांपर्यंत येऊन पोहोचला. बरे करता येत नाही, तेथेही करण्यासारखे पुष्कळ असते. औषध वेळेवर द्यायचे असते, कूस बदलायची असते आणि खाटेजवळ बसून ऐकायचे असते.

शब्दार्थ

उपशामक – त्रास शांत करणारे, कमी करणारे
परिचर्या – आजारी माणसाची सेवा
समुपदेशक – अडचणीत असलेल्या व्यक्तीशी बोलून तिला आधार व मार्गदर्शन देणारा
मरणासन्न – मृत्यू जवळ आलेला
शय्याव्रण – सतत एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणारी जखम
दुरापास्त – मिळण्यास अत्यंत कठीण
सारक – पोट साफ होण्यासाठी दिले जाणारे औषध

तुम्ही काय शिकलात?

• डॉ. सिसिली साँडर्स यांनी परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशा तिन्ही नात्यांनी रुग्णांची सेवा केली.
• वेदना केवळ शारीरिक नसते. तिला मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अंगेही असतात.
• ठरावीक वेळी तोंडावाटे औषध देण्याच्या पद्धतीमुळे घरी राहून शुश्रूषा करणे शक्य झाले.
• भारतात मुंबई, कोझिकोडे, बंगळुरू इत्यादी ठिकाणी या कार्याने मूळ धरले.

पाठान्त प्रश्न

१. डॉ. बॅरेट यांनी सिसिली यांना कोणता सल्ला दिला? तो का दिला असावा?
२. मॉर्फिनविषयी डॉक्टरांच्या मनात कोणत्या शंका होत्या? डॉ. साँडर्स यांच्या नोंदींतून काय दिसून आले?
३. ‘समग्र वेदना’ ही संकल्पना एखादे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
४. रुग्णापासून आजाराचे नाव लपवल्याने कोणते परिणाम होतात? तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या शेजारी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली एखादी व्यक्ती असल्यास तिच्यासाठी आणि तिची काळजी घेणाऱ्या माणसासाठी तुम्ही आठवड्यातून एक तास काय करू शकाल, ते लिहा.